कागदाच्या कुरडया

काहीतरी सुचावं म्हणून लोक डोंगरावर जातात, समुद्रावर जातात, निदान मोबाइल उघडून इतरांनी काय केलंय ते तरी बघतात. मी उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारात जाते. तिथे हातगाड्यांचा गोंगाट असतो, कुणाच्या तरी स्कूटरचा आरसा कोपराला लागतो, दुकानदार "बोलो मॅडम" म्हणेपर्यंत मागचं गिऱ्हाईक आपल्या खांद्यावरून हात घालून माल घेऊन जातं. अशा ठिकाणी माझं डोकं फार छान चालतं. मी बदलापुरातल्या एका शाळेत चित्रकला शिकवते आणि कुळगावात एकटी राहते. घराच्या एका खोलीत कागद राहतात, दुसऱ्या खोलीत मी.

माझा भाऊ अंबरनाथला असतो. तो कारखान्यात अधिकारी आहे आणि घरी आल्यावरही ते विसरत नाही. त्याच्या मुलीचं, म्हणजे माझ्या भाचीचं लग्न वांगणीच्या मुलाशी ठरलं. मुलगा अंबरनाथच्याच एका कंपनीत इंजिनिअर, घरची शेती, माणसं साधी आणि भरपूर. भावाने हॉल घेतला. हॉलच्या पॅकेजमध्ये रुखवतसुद्धा होतं. मुलीकडच्यांनी हौसेने करून मांडायचं आणि मग सासरी पाठवायचं ते रुखवत आता भाड्याने मिळतं: प्लास्टिकचे नवरा-नवरी, लाइटचं तुळशी वृंदावन, पालखी. दुपारी मांडायचं, संध्याकाळी पुढच्या लग्नाला रवाना.

"आत्या, मला ते नको," भाची म्हणाली. "तू कर ना काहीतरी."

मी काही बोलायच्या आत भाऊ म्हणाला, "लग्नाचं रुखवत आहे ते, शाळेचं गॅदरिंग नाही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. करणारच, म्हटलं. तेव्हा काय करणार हे मला अजिबात माहीत नव्हतं.

एक सांगायला हवं. आमच्या घरात रुखवताचे पापड, कुरडया, करंज्या करणं हा बायकांचा मोठा कार्यक्रम असायचा आणि त्यात मला कधी बसू दिलं नाही. माझ्या हातून चीक बिघडतो, पापड जाड होतात, करंज्या तेलात फुटतात. हे सगळं खरं आहे. "तुला बाई चित्रं किती छान येतात," असं गोड बोलून मला डब्यांवर नक्षी काढायला बसवायचे आणि वाळवणाच्या खाटेपासून लांब ठेवायचे. पुढे मी लग्न केलं नाही, तेव्हा माझं स्वतःचं रुखवतही झालं नाही. लग्नाचं मला काही वाटत नाही. पण एका तरी रुखवतात माझ्या हातचं काहीतरी असावं, डब्यावर नाही, ताटात असावं, असं मला फार वाटायचं. हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

आधी मी सगळे करतात तेच केलं. आइसक्रीमच्या काड्यांची पालखी केली, कागदी पट्ट्या गुंडाळून क्विलिंगचा मोर केला. दोन्ही सुबक झाले होते आणि दोन्ही मला बघवत नव्हते. शाळेच्या गॅदरिंगमध्ये अगदी शोभले असते. भावाचं म्हणणं खरं ठरतंय की काय, या विचाराने मी तो मोर कपाटावर मागे ढकलला आणि सोनेरी कागद आणायचं निमित्त काढून कॅम्प दोन गाठलं.

तिथे लग्नपत्रिका छापणाऱ्या आणि कापणाऱ्यांची दुकानं आहेत. त्यातल्या एका सिंधी काकांकडे मी नेहमी जाते. ते सोनेरी कागदाचे नमुने काढत होते आणि आतल्या बाजूला कटिंग मशीनवर पत्रिकांच्या कडा कापल्या जात होत्या. मशीनखाली त्या कडांच्या केसासारख्या बारीक, पिवळसर पांढऱ्या पट्ट्या पडत होत्या. पडता पडता आपोआप गोल वळत होत्या, एकमेकींत गुंतत होत्या. खाली फाटकं कापड अंथरलेलं आणि त्यावर हे वेटोळ्यांचे ढीग. मी बघतच राहिले. जणू गच्चीवर जुन्या साडीवर कुरडया वाळत घातल्या होत्या!

मी सरळ मशीनपाशी जाऊन उकिडवी बसले.

"मॅडम, वो कचरा है," काका घाबरून म्हणाले. "आप इधर अच्छा माल देखो ना."

"काका, मुझे यही अच्छा माल चाहिए. सगळा द्या."

काकांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं आणि कामगाराला हाक मारली, "अरे, मॅडम को बोरी में भर के दे."

गोणी पोटाशी धरून मी रिक्षात बसले तेव्हा मला सगळं दिसत होतं. आमच्या घरातल्या बायकांनी मला जे कधी करू दिलं नाही, ते सगळंच्या सगळं मी कागदाचं करणार होते.

मग मी कामाला लागले. शाळा सुटली की कॅम्प, नाहीतर घर. आधी अंबरनाथला वहिनीच्या स्वयंपाकघरात जाऊन तिचे डबे उघडले. कुरडई खिडकीशी नेऊन उजेडात धरली, कुठे वेढा सुटतो, कुठे चिकटतो ते बघितलं. "खाणार आहेस की नुसती बघणार आहेस?" वहिनी म्हणाली. मी बघणार होते. आजवर मी या वस्तू नीट पाहिल्याच नव्हत्या, फक्त खाल्ल्या होत्या. पापडाला किती रंग असतात! अनारशावरची खसखस एका बाजूला दाट आणि दुसरीकडे विरळ असते, कारण थापणारी बोटं तिथे निसटतात.

मैद्याची खळ शिजवली आणि कीड लागू नये म्हणून तिच्यात हिंग घातला. त्या खळीत पट्ट्या बुडवून वाटीच्या तळाशी वेढे दिले. पापडांना बटर पेपरचे थर, मध्ये खरं जिरं आणि खरी मिरी, वरून गरम इस्त्री फिरवली की बारीक फोड येतात. जीन्स शिवणाऱ्या वर्कशॉपबाहेर बकरमची, म्हणजे आत घालायच्या कडक कापडाची, कातरणं पडलेली असतात, त्यांचे तांदळाचे पापड झाले. अंड्यांचे ट्रे भिजवून त्यांचा लगदा केला, चहाच्या पाण्यात रंगवला आणि खसखशीवर थापला, ते अनारसे. चिरोट्यांना टिशू पेपर आणि कडेला गुलाबी शाई. करंज्यांची कड मी खऱ्या कातण्यानेच कापली, आणि माझी एकही करंजी फुटली नाही.

तयार झालेलं पहिलं ताट भावाकडे नेऊन न बोलता टेबलावर ठेवलं. वहिनी हात पुसत बाहेर आली, ताटाकडे ओझरतं बघून म्हणाली, "कुणी दिल्या गं? डब्यात भर, नाहीतर सादळतील."

मला नाचावंसं वाटलं. भाऊ मात्र विचारात पडला. त्याने करंजी उचलून वजन बघितलं, अनारशाचा वास घेतला आणि म्हणाला, "चांगलं झालंय. पण चिठ्ठी लाव, हे कागदाचं आहे म्हणून. त्या लोकांना वाटेल, आपण फसवलं."

"चिठ्ठी लावली की सगळी मजा गेली. आधी खरं वाटलं पाहिजे, मग कळलं पाहिजे."

"अगं, मुलीचं सासर आहे ते!"

"बाबा, मी सांगेन सासूबाईंना," भाची मध्ये पडली आणि तो वाद तिथेच मिटला.

लग्नात भाड्याचं रुखवत एका टेबलावर, माझं दुसऱ्यावर. मी नवीन साडी नेसून जवळच उभी होते, कुणी विचारलं तर सांगायला. कुणीच विचारलं नाही. प्लास्टिकच्या नवरा-नवरीबरोबर लोक सेल्फी काढत होते आणि माझ्या टेबलावरून नुसती नजर फिरवून पुढे जात होते. पापड-कुरडयांचे कुणी फोटो काढतं का! इतकं हुबेहूब झालं होतं की कुणाला दिसतच नव्हतं. हसावं की रडावं, मला कळेना. संध्याकाळी भाचीबरोबर सगळं डब्यांत भरून वांगणीला गेलं.

दोन-तीन दिवसांनी तिचा फोन आला. ती कुजबुजत होती.

"आत्या, मी सांगायचंच विसरले गं. घरात पूजा, पाहुणे, मला सुचलंच नाही. सासूबाईंनी तुझी कुरडई तळली."

सगळ्यात आधी मला काय वाटलं ते सांगते. आनंद. जन्मभर कुरडया घालणाऱ्या बाईने माझी कुरडई हातात घेतली, आणि तरी तेलात सोडली!

"मग?"

"मग काय, जळली. सगळ्या सासवा, नणंदा बसल्या होत्या. सगळ्या हसल्या. चुलत सासूबाई तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आणि आमच्या सासूबाई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीयेत."

आनंद तिथेच विरला. नवी सून घरात आलेली, आणि पहिल्याच आठवड्यात तिच्या माहेरच्या वस्तूमुळे सासूचं हसं झालं, तेही जावांसमोर. माझ्या हौसेची किंमत त्या पोरीने का मोजायची? भाऊ फोनवर ओरडला, "चिठ्ठी लाव म्हणालो होतो!" मी गप्प ऐकून घेतलं. माझ्याकडून असं क्वचित होतं.

रविवारी आम्ही दोघं त्याच्या गाडीने वांगणीला निघालो. वहिनीला यायचा धीर झाला नाही. वाटेत भावाने मिठाईचा मोठा बॉक्स घेतला आणि बोलायची वाक्यं मनात घोळवत राहिला. मी खिडकीतून रोपवाटिका, फार्महाउसच्या पाट्या आणि अर्धवट रंगवलेल्या इमारती बघत होते आणि मला त्यातलं काही दिसत नव्हतं.

विहीणबाईंनी पाणी आणून दिलं. चेहऱ्यावर काही नाही. भाची दारात उभी, ओढणीशी चाळा करत. भावाने घसा साफ केला, "त्याचं असं झालं, की..."

मला राहवेना. "थांब रे," म्हटलं. "विहीणबाई, त्या कुरडया मी केल्यात. चिठ्ठी न लावायचा हट्टही माझाच. पोरीची काही चूक नाही, राग काढायचा तर माझ्यावर काढा. पण कुरडया वाईट झाल्या होत्या असं तेवढं म्हणू नका."

भावाने डोळे मिटून घेतले.

विहीणबाई उठून आत गेल्या आणि स्टीलचा डबा घेऊन आल्या. आत स्वच्छ फडक्यावर माझ्या कुरडया एकाशेजारी एक लावलेल्या होत्या. जळलेलीसुद्धा.

"ही कशाची केली?" त्यांनी विचारलं.

"लग्नपत्रिका कापताना बारीक पट्ट्या पडतात, त्यांची."

"आन हिंग?"

"हिंग खरा आहे."

"तरी म्हनलं!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "तेलात सोडली तं फुलंचना. म्हनलं तेल तापलं नाय. गॅस मोठा केला तं काळी झाली. सगळ्या हसल्या मला. राग आलता, खोटं कशाला बोलू? पन मंग दुपारी एकटीच घेऊन बसले. उलटीपालटी करून बघितली. कुठं जोडच दिसना. म्हनलं, ही बाई हाय तरी कोन!"

"मग सुनेशी बोलत का नाही?" भावाने धीर करून विचारलं.

विहीणबाईंनी दाराकडे बघितलं आणि त्यांना हसू आवरेना. "हिच्याशी कशी बोलनार? तोंड उघडलं असतं तं हसले असते. जास्त हसली ती माझी जाऊ. तिला अनारसा द्यायचा व्हता. हिला कळलं असतं तं ही तिला सांगून मोकळी. साधी हाय पोर."

"मग, दिला?" मी विचारलं.

"काल दिला. चावली!"

भाची दारातच खाली बसली आणि हसता हसता रडायला लागली. विहीणबाईंनी तिला पाठीत धपाटा घातला आणि माझा हात धरला. "आत्याबाई, या मागल्या दारी."

मागच्या अंगणात सात-आठ बायका तांदळाच्या फेण्या करत होत्या. त्या चुलत सासूबाईही होत्या, मला बघून त्यांनी तोंड वाकडं केलं आणि मग त्याही हसल्या. खाटेवर पातळ, ओल्या फेण्या ऊन खात पडल्या होत्या. त्यांतून खालची खाट दिसत होती. असा कागद मी अजून पाहिला नव्हता. मी सवयीने दोन पावलं मागेच थांबले.

"सरका गो," विहीणबाई म्हणाल्या. "यांना जागा द्या. या बी करनाऱ्या हायत."

बायका सरकल्या. मी ओढणी खोचली आणि त्यांच्यात जाऊन बसले. कुणीतरी वाफेवरची फेणी सोडवून माझ्या हातावर दिली. ती फाटली. "फाटू द्या, दुसरी घ्या," कुणीतरी म्हणालं आणि दुसरी दिली. माझा भाऊ मिठाईचा बॉक्स अजून हातातच धरून दारात उभा होता. कुणीही विचारलं नसताना त्याने त्या सगळ्यांना सांगितलं, "माझी बहीण आहे ती."