किन्सेलमध्ये भरवलेला घास

दुपारच्या जेवणासाठी कुणी आम्ही राहतो त्या नासहून थेट समुद्रकाठच्या किन्सेलला जातं का? आम्ही गेलो, कारण माझा नवरा समीर मे महिन्यापासून मासे खात नव्हता. रत्नागिरीचा माणूस! तिकडे त्याची आई कोविडने गेली, इकडे तो हॉस्पिटलात दुसऱ्यांच्या आयांना ऑक्सिजन लावत होता. अंत्यसंस्कार आम्ही फोनवर पाहिले. आमच्याकडे तेरावं झालं की मामा येऊन माशाचा घास भरवतो, मगच दुखवटा सुटतो. मामा तिकडे, आम्ही आयर्लंडात. घास राहूनच गेला. समीर रडला नाही. बोलणंही ‘हो, नाही, ग्रँड’ एवढ्यावर आलं; ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत ‘ठीक’. ऑगस्टपर्यंत रेस्टॉरंटात आत बसून जेवायची परवानगी मिळाली होती, म्हणून मीच ठरवलं, हे उरकून टाकायचं. माझ्या डोक्यात एकदा शिरलं की ब्रह्मदेव आला तरी निघत नाही.

शनिवारी सकाळी निघालो. मोटरवेने कॉर्क, पुढे किन्सेल. एक थांबा धरून तीनेक तास लागतात. वाटेत दोन टोलनाके आहेत, सुट्टे जवळ ठेवा. कॅशेलला कॉफी घेतली. तिथून टेकाडावरचे जुने अवशेष सुंदर दिसतात.

“बघ ना,” मी म्हणाले.

“बघितलं,” समीर म्हणाला. तो कॉफीच्या कपाकडे बघत होता.

किन्सेल म्हणजे रंगीत घरं, बंदरात शिडाच्या होड्या आणि पार्किंगसाठी मारामारी. मी बुक केलेलं व्हिएतनामी रेस्टॉरंट धक्क्यासमोरच्या गल्लीत आहे. पांढरे टेबलक्लॉथ, हळू आवाजात बोलणारी माणसं. दारात लसीचं प्रमाणपत्र दाखवावं लागलं. बुकिंगशिवाय जाऊ नका आणि दोघांचे दीडशे युरो धरून चला. तांदळाच्या पातळ पापडात गुंडाळलेला खेकडा तर अप्रतिम. तो मी एकटीनेच संपवला.

मग मंकफिश आला. हळदीत माखून परतलेला, वर मूठभर शेपू. माशावर शेपू! सासूबाईंनी मला स्वयंपाकघरातून हाकललं असतं. पण हळदीचा वास आला तशी समीरने मान वर केली. मला वाटलं, जमलं.

मी फोन पाण्याच्या जगला टेकवून व्हिडिओ कॉल लावला. मामा इस्त्रीचा शर्ट घालून तयारच बसले होते.

“सूनबाई, काट्याबिट्याने नको हां, हाताने भरव. हात माझाच समज.”

वाढणारी आयरिश मुलगी थबकली. “ओह, लव्हली! बर्थडे आहे का?”

“तसंच काहीतरी,” समीर तिला म्हणाला. “ग्रँड.”

मी हातानेच तुकडा मोडून घास भरवला. त्याने तो चावला, गिळला. “सुटलास रे बाबा,” मामा म्हणाले आणि त्यांना रडू फुटलं. मलाही. समीरने पुढची अख्खी प्लेट संपवली. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! शेजारच्या टेबलावरचे लोक बघत होते, तर बघू देत.

जेवून धक्क्यावर गेलो. वारा बोचत होता. समीर होड्यांकडे बघत म्हणाला,

“मी खाल्लं नव्हतं ना गं, तोवर आई पुरती गेली नव्हती. मी फक्त घरी गेलो नव्हतो, एवढंच होतं.”

मी त्याचा हात धरला. त्याने तो सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही. तो चिडला असता तर निदान भांडता आलं असतं. रात्रीच्या मुक्कामाचं बी अँड बी रद्द करून आम्ही संध्याकाळीच परतलो.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. जेवण खरंच उत्तम आहे. समीर आता मासे खातो. मी वाढेन ते खातो, काय आहे तेही विचारत नाही. त्याला परत आणायच्या नादात मी त्याची आई गेल्याचं त्याच्या गळी उतरवलं, आणि हे आता कशानेही मागे घेता येणार नाही.

परवा मी विचारलं, “डिसेंबरची तिकिटं बघू का? रत्नागिरीला घरी जाऊन येऊ.”

तो भांडी पुसून प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत कपाटात, ठेवत होता.

“घरीच तर आहोत,” तो म्हणाला.