दोन्ही दारांची मोजणी

प्रा. यासीन सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते रिकाम्या वर्गाशी बोलताना. जव्हारला आमचं कॉलेज सुटलं होतं, धुकं व्हरांड्यात शिरलं होतं आणि सर कुलूप हातात धरून आत विचारत होते, “कोणी आहे का?” मग ते थांबले. बराच वेळ. पुढे आम्ही विद्यार्थी या सवयीची टिंगल करत असू; वडिलांचं बाजारात कुलपांचं दुकान, म्हणून सरांना कुलूप लावायला मुहूर्त लागतो, असं म्हणत असू. सर हसत. कारण सांगत नसत.

मी खोडाळ्याची, भात-नागलीच्या घरातली. सरांकडे पीएच.डी.ला लागले तेव्हा विषय घरी समजावता आला नाही. क्वांटम डॉट म्हणजे इतकी चिमुकली खोली, की एक इलेक्ट्रॉन आत असला तर दुसऱ्याला सहजी येऊ देत नाही. व्होल्टेज लावलं की इलेक्ट्रॉन डावीकडून शिरतात, उजवीकडून बाहेर पडतात. प्रवाह स्थिरावला की जितके आत, तितके बाहेर. माझ्या गणितात मात्र आत जाणारे जास्त निघत. मी दोन्ही आकड्यांची सरासरी काढली आणि प्रबंध सरांपुढे ठेवला. त्या महिन्यात तो सादर झाला नाही तर माझी हंगामी नोकरी जाणार होती, हे त्यांना ठाऊक होतं.

त्यांनी सही केली नाही. “उरलेले कुठे गेले?” एवढंच विचारलं. मी रडले, भांडले. “एवढ्याशा फरकानं काय होतं, सर?”

तेव्हा त्यांनी सांगितलं. जव्हारकडे कुपोषणानं मुलं दगावली त्या वर्षी, वावर गावाच्या वाटेवरल्या एका पाड्यावर मुलांची वजनं घ्यायला ते स्वयंसेवक म्हणून गेले होते. शाळेच्या पुढच्या दाराशी आत येणाऱ्या मुलांची यादी, मागच्या दाराशी बाहेर पडणाऱ्यांची, ती सरांकडे. सरांच्या यादीत एक नाव कमी भरलं. आपलीच नजर चुकली असेल म्हणून त्यांनी ते लिहून टाकलं आणि खोलीला कुलूप लावलं. तासाभरानं एक बाई आली.

“माझी पोर आत गेली, बाहेर नाय आली.”

“याद्या जुळल्यात, ताई.”

बाई हलेना. कुलूप काढून सरांनी हाक मारली. आत चिडीचूप.

“हाय ती,” आई म्हणाली. “बोलाया जोर नाय तिला.”

गोणपाटांमागे ती बसली होती, उघड्या डोळ्यांनी दाराकडे बघत. तिसऱ्या दिवशी ती गेली. तिचं नाव मंगली.

माझी नोकरी गेली. त्याचा राग मला आजही येतो, आणि हा लेख सरांच्या गौरवग्रंथासाठी आहे म्हणून काही मी तो लपवणार नाही. पण पुढचे कितीतरी महिने सर दर रविवारी एस.टी.नं खोडाळ्याला येत, माझ्या आईच्या हातची नागलीची भाकर खात आणि माझे कागद तपासत. अखेर चूक सापडली. आत आधीच बसलेल्या इलेक्ट्रॉनचा धाक मी बाहेर पडणाऱ्यांसाठी पुरता धरला होता, शिरणाऱ्यांसाठी अर्धवट सोडला होता. तो धरल्यावर दोन्ही आकडे एक झाले.

प्रबंध मी मंगलीला अर्पण केला. सरांनी ते पान वाचलं, चष्मा काढला. “माझ्या यादीत मी तिला खोटंच बाहेर काढलं होतं,” म्हणाले आणि सही केली.

सर साठ वर्षांचे झाले. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि आमचे चुकलेले कागद ते असेच सही न करता परत पाठवत राहोत.