खंडेनवमीला पूजेत बसलेली किल्ली

इकडे ये, अशी जवळ बस. कागदावर लिहितेय म्हणून काय झालं, वाचणारीनं जवळच बसायचं असतं. आणि आधी बोलणी खा. परवा फोनवर काय म्हणालीस? "आजी, ते शिवणाचं मशीन आता भंगारात द्या, उगाच जागा अडवतंय." जागा अडवतंय! अगं, त्या मशीननं या घरात जागा मिळवली कशी, ते ठाऊक असतं तर जीभ चावली असतीस.

सत्तर साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. पिंपरीला कंपनीच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. दोन खोल्या, आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. तुझे आजोबा टूलरूमला, साचे-हत्यारं बनवायच्या खात्यात. केसाच्या जाडीचा फरक बोटानं ओळखायचे म्हणे. घरी मात्र त्यांना पायजम्याची नाडी सापडायची नाही, ती मी शोधायची.

आमच्याकडे गाडी होती. डोळे मोठे करू नकोस, तिसऱ्या हाताची होती. आधी कुणा डॉक्टरांची, मग ह्यांच्या साहेबांची, आणि दोघांनी आशा सोडल्यावर आमची. मागची दारं नुसती ढकलून लावायची, त्यांची कुलपं कधीच गेलेली. डिकीचं कुलूप मात्र असं शाबूत, की जणू आत सरकारी खजिना आहे. रविवारी हे आणि शेजारचे दोघं बॉनेट उघडून आत बघत उभे राहायचे. दुरुस्ती काही व्हायची नाही, पण बघणं फार मन लावून व्हायचं. गाडी झाडायचं काम माझं. सीटखालच्या शेंगांच्या टरफलांकडे टूलरूमची नजर कधी गेली नाही.

तर त्या वर्षी आईची नजर अधू झाली आणि ती म्हणाली, माझं मशीन तू घेऊन जा. हातानं फिरवायचं मशीन, लाकडी झाकणाचं. मला रडूच आलं. त्याचं कारण सांगते. खंडेनवमीला आमच्याकडे पाटावर लाल कापड घालून हत्यारं मांडायची. ह्यांचे पाने, पकडी, मोजायची यंत्रं. सासऱ्यांच्या माघारी राहिलेला कोयता. सासूबाईंची विळी. रांगोळी माझी, फुलं माझी, नैवेद्य माझा. पाटावर माझं म्हणावं असं एकही हत्यार नाही. एकदा बोलून दाखवलं तर हे म्हणाले, "तुला कशाला हत्यार? तुझी जीभ आहे की." आणि स्वतःच हसले.

अष्टमीला कुरुळीला, माझ्या माहेरी, मशीन आणायला गेलो. सासूबाई सोबत आल्याच, मी आईशी काय बोलते ते ऐकायला. माझ्या वहिनीचा त्या मशीनवर डोळा होता, तिनं तोंड फुगवून निरोप दिला. भावानं डिकीत मशीन ठेवलं आणि वर चाकणच्या कांद्यांचं अर्धं पोतं. झालं! नवरात्रात सासूबाईंना कांदा चालत नसे. पिंपरीपर्यंत त्या नाकाला पदर लावून मागच्या सीटवर माझ्या शेजारी बसल्या होत्या. "कांदा हाय की काय ह्यो! डोकं उठलं माजं." आणि घर आल्यावर उतरताना मला सुनावलं, "ह्ये बग, उद्या पूजेत बसलं तर ते घरचं हत्यार. न्हाई बसलं तर अडगळ. अन् अडगळीला या दोन खोल्यांत जागा न्हाई. परवा कुरुळीला परत धाडायचं, तुझी भावजय वाटच बघती हाय."

हे म्हणाले, "आता दमलोय. सकाळी काढतो."

सकाळी मी पुरण शिजायला लावून बाहेर आले तर ह्यांनी उत्साहानं पूजा मांडून, हळद-कुंकू वाहून टाकलेलं. कंपनीत डिपार्टमेंटची पूजा होती, तिकडे जायची घाई. गाडीला झेंडूची माळ. पाटावर सगळी हत्यारं ओळीनं, मापात, इंचभर पुढं-मागं नाही. आणि ओळीच्या टोकाला, हळद-कुंकू लावून, वर फूल ठेवून, गाडीच्या किल्ल्यांचा जुडगा.

मी म्हटलं, "मशीन कुठंय?"

"डिकीत."

"आणि डिकीची किल्ली?"

त्यांनी पाटाकडे पाहिलं. मी पाटाकडे पाहिलं. सासूबाईंनी आमच्या दोघांकडे पाहिलं.

"पूजलेलं हत्यार उद्या सकाळपातूर हलवायचं न्हाई," सासूबाई म्हणाल्या.

"अगं आई, किल्ली काही हत्यार नव्हे."

"मंग पूजेत ठिवली कशाला?"

टूलरूमनं घड्याळात पाहिलं. दुपारी नैवेद्य दाखवायचा, त्याच्या आत मशीन पाटावर बसायला हवं होतं. हे म्हणाले, "कंपनीतून येताना पाना-पेचकस घेऊन येतो, दोन मिनिटांत डिकी उघडतो," आणि गेले.

अकराला आले ते कपाळाला टिळा, हातात पेढ्यांचा पुडा आणि पाना-पेचकस नाही. कंपनीतली हत्यारंही पूजेत बसली होती! शेजारी विचारलं, तिथेही पूजेत. वरच्या मजल्यावर पूजेत. ट्रकभर हत्यारं असतील त्या कॉलनीत, दिवसभर लोखंड कापणारी माणसं घरोघरी, आणि त्या दिवशी एका घरातून साधा पेचकस मिळेना. सगळ्यांचे देव हत्यारांत जाऊन बसलेले.

पण हत्यार नाही म्हणून सल्ला थोडाच थांबतो? वरच्या मजल्यावरचे डिझाइनवाले खाली आले. त्यांनी खडूनं फरशीवर कुलपाचं चित्र काढलं. समोरून, बाजूनं आणि वरून. शेजारचे इन्स्पेक्शनवाले आले. त्यांनी डिकीभोवती दोन फेऱ्या मारल्या, कुलपाला कान लावला आणि म्हणाले, "बंद आहे."

"ते आम्हालाही दिसतंय राव," हे म्हणाले.

"दिसणं वेगळं, तपासणं वेगळं."

मग डिझाइनवाल्यांना सुचलं. "वहिनी, केसातला आकडा द्या. तो काही पूजेत नाही."

मी दिला. तो वाकला. दुसरा दिला, तोही वाकला. तिसरा वाकला नाही, मोडला. अर्धा त्यांच्या चिमटीत आणि अर्धा कुलपात. आता उद्या किल्ली पाटावरून उठली असती तरी आत शिरली नसती. इन्स्पेक्शनवाल्यांनी पुन्हा कान लावला. "आता जास्त बंद आहे," म्हणाले.

तिघं जण चहा मागवून डिकीपाशी विचार करत बसले. आतून पुरणाचा वास यायला लागलेला. सासूबाई दारात येऊन सूर्याकडे बघून गेल्या. नैवेद्याची वेळ होत आली होती. माझा अंबाडा सुटला होता, आकडे गेले होते, आणि मशीनही जाणार, वहिनीच्या घरी, तिच्या फुगलेल्या तोंडासमोर. चहाची किटली घेऊन मी तशीच उभी राहिले.

आणि मला सासूबाईंचं नाक आठवलं. डिकी एवढी पक्की बंद असते, तर काल कांद्याचा वास त्यांना मागच्या सीटवर आला कुठून?

मी किटली खाली ठेवली. पदर खोचला. मागचं दार ढकललं, उघडलं. सीटची बैठक दर महिन्याला टरफलं झाडायला मीच उचलत होते, ती नुसती ठेवलेली असते. उचलून बाहेर टाकली. पाठीची गादी वरच्या आकड्यांना अडकवलेली, ती दोन्ही हातांनी वर रेटली, निघाली. मागे जुनाट पुठ्ठा. तो फाडला, आणि कांद्याचा वास असा भपकन आला की म्हटलं, सासूबाई, तुमचे उपकार!

"काय करतेस गं?" हे बाहेरून ओरडले.

"दिसणं वेगळं, तपासणं वेगळं!" मी आतून म्हटलं आणि अंधारात शिरले.

पोतं ढकललं, मशीनवर हात ठेवला, होतं. मग चाचपडत कुलपाची आतली बाजू शोधली. बाहेरून तीन आकड्यांना न जुमानलेली ती पट्टी अंगठ्यानं दाबली तर निमूट सरकली. डिकीचं झाकण धाडकन वर गेलं. इन्स्पेक्शनवाले तेव्हा तिसऱ्यांदा कान लावून होते. त्यांचा चष्मा झेंडूच्या माळेत जाऊन पडला. डिझाइनवाले आपल्या खडूच्या चित्रावर पाय देऊन मागे सरले. आणि मी डिकीत उकिडवी, केस मोकळे, त्यात कांद्याची सालं.

"मी तेच सुचवणार होतो," डिझाइनवाले म्हणाले.

आवाज ऐकून सासूबाई आल्या. आधी मला पाहिलं, मग उखडलेली सीट पाहिली, मग नाकाला पदर लावला. "कुठलं हत्यार वापरलंस गं?"

मी दोन्ही हात पुढे केले. काळेकुट्ट, पुठ्ठ्याच्या धुळीनं भरलेले. यांची पूजा कुणी केलेली नव्हती, म्हणून वापरायला मोकळे होते.

त्यांनी माझे हात उलटेसुलटे करून पाहिले. मग म्हणाल्या, "जा, धू. अन् मशीन आण आत."

ह्यांनी मशीन उचलून आणलं आणि ओळीच्या टोकाला, किल्ल्यांशेजारी ठेवायला गेले, मापात. सासूबाई म्हणाल्या, "तितं न्हाई. मदी." पण मध्ये जागा कुठे होती? पूजलेली हत्यारं तर हलवायची नाहीत! सासूबाई खाली बसल्या, आपल्या विळीला नमस्कार केला आणि ती उचलून स्वतःच बाजूला ठेवली. स्वतःच्या नियमाविरुद्ध! मशीनला हळद-कुंकू त्यांनीच लावलं. नैवेद्याची वाटी मी पुढे केली तेव्हा माझ्या केसातलं एक साल काढून त्यांनी हळूच पदराखाली घेतलं.

कुलपातला अर्धा आकडा शेवटपर्यंत निघाला नाही. गाडी विकेपर्यंत डिकी उघडायला मलाच आत शिरायला लागायचं, आणि टूलरूम बाहेर उभं राहून सूचना द्यायचं.

तेव्हा भंगाराचं नाव काढू नकोस. मशीन अजून फिरतं, थोडं कुरकुरतं, माझ्यासारखंच. हिंजवडीच्या त्या गर्दीतून एक दिवस सुट्टी काढ आणि खंडेनवमीच्या आत ये. तुझ्या ब्लाउजची बाही सैल आहे असं फोटोत दिसलं, ती घेऊन ये. आणि लवकर ये गं. येशील तेव्हा तुझ्या गाडीची किल्ली तेवढी आमच्या पाटापासून लांब ठेव.