नागाबाईंच्या विहिरीवरच्या गोगलगायी

मुरुडच्या शिवारात आमच्या शेजारच्या नागाबाईंइतका गोगलगायींचा वैरी दुसरा नाही. शंखी गोगलगायींनी त्यांचं कोवळं सोयाबीन फस्त केलं, दुबार पेरणी करावी लागली, तेव्हापासून बाईंचं डोकं फिरलं. संध्याकाळी बांधावर गुळाच्या पाण्यात भिजवलेली बारदानं पसरायची, पहाटे त्यांच्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात बुडवायच्या. वर शिव्या फुकट!

यंदा विहिरीच्या दगडी कठड्यावरच्या शेवाळात त्यांना मोहरीएवढ्या गोगलगायी दिसल्या. "त्यांचीच पिल्लं ही," म्हणत बाई चुन्याची पाटी घेऊन निघाल्या.

तेवढ्यात नवी सून राजकन्या आडवी आली. लग्न होऊन दोन महिने झाले तरी आम्ही शेजाऱ्यांनी तिचा आवाज ऐकला नव्हता.

"आत्या, ही जातच बारकी हाय. शेवाळ खाती, कुजका पाला खाती. पिकाला तोंड लावत न्हाई."

"गोगलगाय अन् पोटात पाय!" नागाबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या. "बोलती की ही! अन् सोयाबीन पुन्हा गेलं म्हंजे?"

"मग मीच माझ्या हातानं चुना मारते."

पैज लागली. एका घमेल्यात सोयाबीनची रोपं लावली, शेजारी शेवाळाचा तुकडा, त्यावर त्या बारक्या गोगलगायी, वरून ओलं फडकं. पुढं रोज सकाळी सासू-सून डोक्याला डोकं लावून घमेल्यात बघायच्या आणि त्यांचं हसणं आमच्या अंगणापर्यंत यायचं. रोपांचं पान न् पान शाबूत राहिलं. शेवाळ तेवढं कमी झालं.

नागाबाईंनी हार मानली असं मी म्हणणार नाही, तो त्यांचा स्वभावच नाही. त्यांनी गोगलगायी शेवाळासकट कठड्यावर नेऊन ठेवल्या आणि चुना बांधाकडं नेला. तिथल्या शंखींना मात्र माफी नाही.

पुढं पावसानं ओढ दिली. बाई रोज कठड्यावर तांब्याभर पाणी शिंपडू लागल्या.

"वहिनी, पीक वाळाया लागलंय अन् तुमी दगडाला पाणी घालता?" मी चिडवलं.

"गप बसा भावजी. सुनंचं हाय ते."

पंचमीला राजकन्या माहेरी, लोह्याला गेली. दुसऱ्याच दिवशी बाईंनी माझ्याकडून फोन लावून घेतला.

"तुझ्या गोगलगायी बऱ्या हायेत," त्या सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडल्या. मग फोन तोंडाजवळ धरून हळूच म्हणाल्या, "मलाच करमंना बाई. कधी येतीस?"