भाजीबाजारातून दिसणारा सातपुडा

सिव्हिलच्या शेवटच्या वर्षी मला प्रकल्प मिळाला: नांदुऱ्याच्या भाजीबाजाराशेजारच्या रिकाम्या प्लॉटवर आठ मजली इमारत झाली, तर गाव कसं दिसेल? पद्धत ठरलेली असते. तेवढ्या उंचीवर दोरीने फुगा सोडायचा, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून फोटो काढायचे आणि काय झाकलं जाईल ते लिहायचं.

स्टेशन झालं, बसस्टँड झाला. बाजारात बाबा आमच्या गावाहून, सोनाळ्याहून आणलेली वांगी घेऊन बसले होते. मी उभ्यानेच कॅमेरा धरला. समोर नुसत्या ताडपत्र्या. वहीत लिहिलं, ‘परिणाम नगण्य’.

"काय दिसलं?" बाबांनी विचारलं.

"ताडपत्री."

"आम्ही काय उभ्यानं धंदा करतो?"

शेजारची भाजीवाली मावशी हसली. "बस व माय. कालेजात गेली म्हून भुई चावत नाही तुले."

ड्रेस मळेल म्हणून मी उभी होते, हे तिने ओळखलं असावं. मी ओशाळून बाबांच्या पोत्यावर बसले.

ताडपत्र्या डोक्यावर गेल्या. त्यांच्याखालून, दोन दुकानांच्या मधल्या फटीत, प्लॉटच्या पलीकडे सातपुडा होता. निळा, शांत, वांग्यांच्या कॅरेटवर टेकवून ठेवल्यासारखा. इतकी वर्षं सुट्टीत मी गावाहून बसने इथे डबा घेऊन यायचे आणि उभ्यानेच परतायचे. प्लॉटवर सोडलेला फुगा ताडपत्र्यांमुळे इथून दिसतच नव्हता. त्याची दोरी तेवढी डोंगरावर उभी रेघ मारून गेली होती. त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना भिंत असणार, हे कळल्यावर मी बसूनच फोटो काढला आणि वहीतलं ‘परिणाम नगण्य’ खोडलं.

"तिकडं डोंगरावर काळं झालं का तुह्या मायले फोन लावतो," बाबा म्हणाले. "मिरच्या आत घे म्हणतो."

सोनाळा त्याच डोंगराच्या पायथ्याशी. घरी पाऊस यायच्या आधी बाबांचा फोन कसा येतो, याचं मला लहानपणापासून नवल वाटायचं.

कॉलेजात सरांनी फोटोखालची नोंद वाचली. "डोळ्यांची उंची अडीच फूट? ही कुठून आणली?"

मागून कोणीतरी हसलं. बाबा काय करतात, हे मी वर्गात कधी सांगितलं नव्हतं.

"सर, तिथे माझे बाबा बसतात. भाजी विकायला."

सरांनी फोटो पुन्हा जवळ घेऊन बघितला. "एका जागेवरून निष्कर्ष काढू नकोस," ते म्हणाले. "तिथे जेवढे बसतात, त्या प्रत्येकाच्या जागेवर बसून बघ."

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी रांगेच्या टोकापासून सुरुवात केली. मावशीने टोपली सरकवून जागा दिली. दर जागेवरून डोंगराचा वेगळा तुकडा दिसत होता, आणि प्रत्येकाला आपापला तुकडा पाठ होता.