निर्वंश म्हणून सोडलेलं घर

शैलजाकाकूंनी आयर्लंड पाहिलेलं नाही. विमान बदलायलासुद्धा त्या कधी तिथे उतरल्या नाहीत. पण रॉसकॉमन परगण्यातल्या कुठल्या शिवारात दीडशे वर्षांपूर्वी कोण जमीनदार होता, त्याचं घर टेकडीवर होतं की नदीकाठी, त्याला मुलगे किती, हे सगळं गेल्या हिवाळ्यात त्यांना तोंडपाठ होतं. मी त्यांच्या शेजारी राहते, मिनेसोटात, ईडन प्रेरीला. नागपूरहून नोकरीसाठी आले, घरूनच काम करते, आणि लोकांच्या पूर्वजांमध्ये मला काडीचाही रस नाही. तरी मी त्या शोधात ओढली गेले, कारण शेजारचा म्हातारा माणूस बर्फात हरवतो तेव्हा खिडकीचा पडदा ओढून मीटिंगला बसता येत नाही.

हरवायचे ते डेस्मंडकाका, शैलजाकाकूंचे यजमान. पूर्ण नाव डेस्मंड हार्कनेस. शाळेत मुलांना सुतारकाम शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. काकू सत्तरच्या दशकात सांगलीहून शिकायला आल्या आणि या सुताराशी लग्न करून बसल्या. ‘करून बसल्या’ हे त्यांच्या माहेरचं मत, माझं नाही. काका पोळ्या लाटायचे आणि काकू भाजायच्या, असा संसार मी आमच्या अख्ख्या मराठी मंडळात दुसरा पाहिला नाही.

गेली काही वर्षं काका विसरत चालले होते. आधी शब्द गेले, मग रस्ते, मग माणसं. गेल्या हिवाळ्यात मात्र नवीनच सुरू झालं. दिवस कलला की ते उठायचे, कोट चढवायचे आणि स्वतःच्याच बैठकीच्या खोलीत उभे राहून काकूंना म्हणायचे, “तुमचे आभार. आता मी घरी जातो.”

घर म्हणजे कुठलं? तर त्यांच्या आजोबांचं, आयर्लंडमधलं. हार्कनेस एके काळी तिथले बडे जमीनदार. पुढे जमीन गेली, थाट गेला, आणि आजोबा तरुणपणी अमेरिकेत येऊन सेंट पॉलला एका गोदामात कारकुनी करत राहिले. त्यांच्या खोलीत भिंतीवर त्या घराचा फोटो होता. लहानग्या डेस्मंडला त्याखाली बसवून ते कोणत्या खिडकीमागे कोणती खोली ते सांगत. घराचा दर्शनी भाग पोट पुढे काढल्यासारखा गोल, आणि डाव्या अंगाला यू नावाचं काळपट झाड, खिडकीला इतकं खेटून की आत दुपारीही दिवा लावावा लागे. आजोबा गेले, फोटो डेस्मंडच्या कुठल्याशा चुलत्यानं नेला आणि हरवला. घराचं नाव कुणी विचारून ठेवलं नव्हतं. सगळे त्याला नुसतं ‘घर’ म्हणत.

बायको, मुलगी, इतक्या वर्षांचा संसार, सगळं पुसलं गेलं आणि जन्मात न पाहिलेलं ते घर तेवढं डोक्यात उरलं. मला याचा संताप यायचा. आजही येतो.

डिसेंबरात काका पहिल्यांदा निघून गेले. काकू आत भाजी चिरत होत्या. आम्ही सगळी गल्ली पालथी घातली, तेव्हा ते गोठलेल्या तळ्याच्या काठाला सापडले. हातात हातमोजे नव्हते. डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं डॉक्टरांना कापावी लागली. काकूंनी दाराला वरून कडी बसवली, तर काकांनी स्वयंपाकघरातलं स्टूल उचलून दाराच्या काचेवर घातलं.

अंतरा, त्यांची एकुलती मुलगी, डेन्व्हरहून धावत आली. शहाणी मुलगी आहे, तिला बोल लावण्यात अर्थ नाही.

“आई, धिस इज नॉट सेफ,” ती म्हणाली. “नेक्स्ट टाइम ही विल डाय आउट देअर. मी एक मेमरी केअरची जागा बघितलीय. दे हॅव अ रूम.”

“त्या विसरणाऱ्यांच्या होममध्ये दाराला कुलूप असतं,” काकू म्हणाल्या. “तो घरी जायला निघालाय, आणि तू त्याला आणखी एका परक्या जागेत कोंडणार? प्राण सोडेल तो.”

“आई, ही डझन्ट इव्हन नो वेअर ही इज!”

“म्हणूनच म्हणते. मी डॅडला त्याचं घर शोधून दाखवते. एकदा डोळ्यांनी पाहिलं की बसेल तो शांत. बर्फ वितळेपर्यंत थांब.”

अंतरा थांबायला कबूल झाली, रडत का होईना. तोवर घर सापडलं नाही, तर काका त्या कुलपाआड जाणार, असं मायलेकींचं ठरलं.

शोध कसा घ्यायचा हे काकूंना माहेरूनच ठाऊक होतं. त्यांच्या वडिलांनी घराण्याचा कुलवृत्तांत छापला होता. (आडनाव सांगत नाही. भाऊबंद अमेरिकेतही आहेत, मला फोन करतील.) मूळपुरुष, त्याचे मुलगे, त्या मुलग्यांचे मुलगे, कोणती शाखा कुठल्या गावी गेली, असं सगळं त्यात होतं, आणि शाळकरी वयात काकूंनीच त्याच्या प्रती लिहून काढल्या होत्या. तीच शिस्त त्यांनी आयर्लंडला लावली. जेवणाच्या टेबलावर जुन्या वॉलपेपरचा गुंडाळा उलटा पसरला आणि हार्कनेसांचा वंशवृक्ष मांडायला घेतला.

एकोणिसाव्या शतकात तिथल्या सरकारनं गावोगावच्या जमिनींची पाहणी करून कोण मालक, कोण कूळ, हे सगळं छापून ठेवलंय, आणि ते आज घरबसल्या बघता येतं. तिथे गावाखालच्या तुकड्याला टाउनलँड म्हणतात, म्हणजे आपलं शिवार. काकू शिवारामागून शिवार चाळायच्या, मग जुने नकाशे, मग चर्चमधल्या लग्नांच्या नोंदी. पण मध्येच वाट बंद व्हायची, कारण १९२२ साली डब्लिनच्या दफ्तरखान्याला आग लागली आणि मृत्युपत्रांपासून शिरगणतीपर्यंत कितीतरी दफ्तरांची राख झाली.

“मेल्यांनी आधीच नकला काढून का नाही ठेवल्या?” काकू स्क्रीनवर डाफरायच्या, जणू आग काल लागली होती.

लंच ब्रेकमध्ये मी काकांजवळ जाऊन बसायची, म्हणजे काकूंना मान वर करावी लागू नये. काकूंनी जेवणखाण सोडल्यातच जमा होतं. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले. रोज खिडकीतून बर्फ किती उरलंय ते बघायच्या.

काकांच्या आजोबांच्या बापाचं नाव विल्यम हार्कनेस, एवढं सेंट पॉलच्या चर्चमध्ये कळलं होतं. परगण्यात हार्कनेसांची चार मोठी घरं होती, आणि त्यांतल्या तीन घरांत एकेक मुलगा विल्यम होता. मग काय, काकूंनी तिन्ही घरांचे फोटो एकेक करून मिळवले. पहिला फोटो काकांनी नीट न्याहाळला आणि म्हणाले, “देखणं घर आहे. आमचं नाही.” दुसऱ्यालाही तेच. तिसरं घर पुढून किंचित गोल होतं, डावीकडे झाडही होतं. काकूंनी दोन्ही हातांनी तो कागद त्यांच्यासमोर धरला.

“नाही,” काका म्हणाले, आणि कोट शोधायला लागले.

त्या संध्याकाळी ते सपाता घालून हायवेच्या कडेनं चालताना पोलिसांना सापडले. अंतरानं फोनवर सांगून टाकलं की आता बर्फाबिर्फाची वाट बघायची नाही, महिनाअखेरीस ती न्यायला येतेय. काकूंनी फोन ठेवला आणि मग त्यांचा तोल सुटला. मी तिथेच होते. त्यांनी काकांचे दंड धरून त्यांना गदागदा हलवलं.

“हेच तुझं घर आहे! हे! हे टेबल तू केलंस! हे पडदे मी शिवले! मी कोण आहे, सांग ना रे, मी कोण आहे?”

काकांनी तोंडावर हात आडवे धरले. “मला मारू नका,” ते म्हणाले. “मी जातो. खरंच जातो.”

काकू जमिनीवर बसल्या. इतकं मोठ्यानं रडणारं म्हातारं माणूस मी पूर्वी पाहिलं नव्हतं, आणि पुन्हा पाहायची माझी इच्छा नाही.

रॉसकॉमनच्या एका छोट्या इतिहासमंडळाला काकूंनी मेल पाठवली होती. दुसऱ्या दिवशी तिथल्या बाईंचं उत्तर आलं. त्यांनी साधा प्रश्न विचारला होता, की तुमचे यजमान हार्कनेसांच्या कोणत्या मुलीकडून?

“मुलीकडून कशाला असतील?” काकू चिडल्या. “आडनाव हार्कनेस आहे ना! वाचता येत नाही का हिला?”

खाली बाईंनी पुढे लिहिलं होतं, की घराला मुलगा उरला नाही तर जावयानं सासऱ्याचं आडनाव लावायचं आणि घर सांभाळायचं, असं इथल्या जमीनदारांत बऱ्याचदा होई. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. मग काकू टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेल्या, जिथे त्यांनी चौथ्या घराची शाखा मांडून तशीच सोडली होती. लिसनारा हाउस. थॉमस हार्कनेस, मुलगे लहानपणी वारले. मुलगी इझाबेला, दिली पेल घराण्यात. आणि त्याखाली, कुलवृत्तांतात लिहितात तसा, काकूंच्या वळणदार अक्षरात एकच शब्द होता, ‘निर्वंश’.

“रेणू,” काकू म्हणाल्या, “बाबांच्या पुस्तकात माझ्यापुढे काय छापलंय माहितीय? ‘शैलजा, अमेरिकेत.’ संपलं. डेस्मंडचं नाव नाही, अंतराचं नाव नाही. दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मी सगळं लिहून पाठवलं होतं. त्यांनी नाही घेतलं. मी कितीतरी वर्षं त्यांच्याशी धड बोलले नाही. आणि इथे बसून मीच या पोरीला...” त्यांनी पेन उचलून तो शब्द खोडला.

शोध लागायला मग वेळ लागला नाही. इझाबेलाच्या नवऱ्याचं नाव विल्यम पेल, आणि लग्नानंतर त्यानं हार्कनेस नाव घेतल्याचं सरकारी गॅझेटात छापलेलं होतं. लिसनारा हाउस शंभर वर्षांपूर्वी, आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्याच्या धामधुमीत जाळलं गेलं होतं, तिथे आता मेंढ्या चरतात. पण त्या बाईंकडे एक जुना फोटो होता. त्यांनी तो पाठवला. पोट पुढे काढलेलं घर, आणि डाव्या अंगाला खिडकीवर ओणवलेलं काळं झाड.

आम्ही तो भिंतभर मोठा करून आणला आणि बैठकीच्या खोलीत लावला. काका कोट घालून दाराशीच होते. ते मागे वळले. जवळ आले. कापलेल्या बोटांनी त्या झाडावरून हात फिरवला. मग खोलीभर नजर फिरवली, टेबल, खिडकी, पडदे, आणि इतका लांब श्वास सोडला की मला वाटलं कोसळतात. त्यांनी कोट काढून खुंटीला लावला.

“आलो एकदाचा घरी,” ते म्हणाले.

काकूंनी मला मिठी मारली. मी सिनेमातसुद्धा रडत नाही, पण त्या दिवशी रडले. अंतरा आली ती बॅगा घेऊन काकांना न्यायलाच. पण सबंध मुक्कामात काका एकदाही दाराकडे फिरकले नाहीत. खिडकीपाशी बसून गुणगुणत होते. “आई, यू डिड इट,” ती म्हणाली, आणि तिनं ती रूम कॅन्सल केली.

ती गेली त्याच दिवशी, अंधारून येताना काका खुर्चीतून उठले. मी तिथेच होते, दाराकडे धावायच्या बेतात. पण त्यांनी स्वतःच्या कोटाला हात लावला नाही. त्यांनी काकूंचा कोट आणला, आणि मोठ्या अदबीनं त्यांच्यामागे धरून उभे राहिले.

“अंधार पडतोय,” ते म्हणाले. “तुमच्या घरचे वाट बघत असतील.”

“डेस्मंड, मी इथेच राहते.”

ते हसले. मग गोंधळले. मग श्वास वरखाली व्हायला लागला, डोळे भिरभिरले, अगदी पूर्वीसारखे. “इथे?” ते म्हणाले. “मग हे माझं घर नाही?”

काकूंनी पटकन बाह्यांत हात घातले. “तुझंच आहे,” त्या म्हणाल्या. “मी निघते.” काकांनी त्यांना दारापर्यंत सोडलं. दार लागलं, आतून कडीचा आवाज आला. काकू पायरीवर उभ्याच राहिल्या. शेवटी मी मागच्या दारानं फिरून येऊन त्यांचा हात धरला आणि आमच्याकडे आणलं.

आता काकू रात्री आमच्या बेसमेंटमध्ये झोपतात. तिकडे एक माणूस मुक्कामाला ठेवलाय. काका त्याला घरचा नोकर समजतात, त्यामुळे त्याचं चालतं. मी एकदा रागानं म्हटलं, “काकू, मग तुम्हीही कामवाली म्हणून राहा ना तिथे. निदान घरात तरी असाल.”

“नाही गं,” काकू म्हणाल्या. “मी त्याची बायको आहे. मोलकरीण होऊन नाही राहायचं मला त्या घरात. त्यापेक्षा पाहुणी बरी.”

सकाळी त्या केस विंचरतात, चांगली साडी नेसतात, आमचं लॉन ओलांडून जातात आणि स्वतःच्या घराची बेल वाजवतात. काका दार उघडतात. त्यांना पाहून खूश होतात, हे मला खिडकीतून दिसतं.

“या, या,” ते म्हणतात. “लांबून आलात?”

“हो,” काकू म्हणतात. “बरंच लांबून.”

मग काका त्यांना आत नेतात आणि एकेक खोली उघडून घर दाखवतात.