जिन्यावरचा नाच

"पाय बघ. तोंड बघू नगंस," असं म्हणून मावशी अंधारात माझ्या गुडघ्यावर चापट मारायची.

पडद्यावरची माणसं काय बोलतात ते मी तिला सांगावं, म्हणून ती मला पहिल्यांदा इंग्रजी सिनेमाला घेऊन गेली. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. तेव्हा मला इंग्रजी येत असणार, अशी तिची खात्री. मला एक वाक्य धड कळलं नाही. चाचरत तसं सांगितलं, तर तिला उलट बरंच वाटलं. "मला तरी कुठं कळतंय? पाय बघ. ते मराठीच बोलत्यात."

सांगलीत आम्ही म्हसवडकडची पोरं तिच्या खाणावळीत जेवायचो आणि तिला मावशी म्हणायचो. तिचा नवरा पलटणीत होता. तो वारल्यावर तिने खाणावळ काढली. छावणीत असताना उघड्यावर पडदा लावून इंग्रजी सिनेमे दाखवत. तिथेच तिला नाचगाण्याच्या सिनेमांचं वेड लागलं. सांगलीत ते रविवारी सकाळी लागत, आणि त्या दिवशी आमचं जेवण उशिरा. कुणी कुरकुरलं तर म्हणे, "आठवडाभर तुमचं पोट. आजची सकाळ माझी हाय." सोमवारी भाकरी थापताना तिचे हात कुठल्या तालात पडतात, त्यावरून सिनेमा कसा होता ते आम्हाला कळे.

तुम्ही अशा गावात राहिला असाल, तर 'इंग्रजी पिक्चर' म्हटल्यावर लोक गालात कसे हसतात, ते तुम्हाला सांगायला नको. त्यातून ही विधवा बाई. बातमी पाटणजवळच्या तिच्या सासरी पोचली आणि धाकटा दीर आला. तरुणपणी कुस्त्या केलेला, जाड मानेचा माणूस. वाकून वहिनीच्या पाया पडला आणि उभ्यानेच म्हणाला, पिक्चर बंद करा, नाहीतर शेतातलं वाट्याचं धान्य बंद. त्या धान्यावरच तर खाणावळ चालत होती.

मावशीने त्याच्यापुढे चहा ठेवला. "भावजी, उद्या रविवार हाय. आधी बघा, मग बोला."

उद्याचा सिनेमा तिने छावणीत नवऱ्याशेजारी बसून पाहिलेला होता. त्यात एक गडी बुटांना नाल ठोकून जिन्यावर नाचतो. तो नाच दिराला दाखवायचा, एवढंच तिच्या हाती होतं.

आम्ही तिघं गेलो. मला मधे बसवलं. पण मॅनेजरला पुढच्या खेळाआधी थिएटर रिकामं हवं होतं, आणि गाणं लागलं की पुढच्या बाकांवरची पोरं कंटाळून शिट्ट्या मारत. म्हणून त्या रविवारी त्याने नाचगाण्याची रिळंच गाळली होती. नाचगाण्याच्या सिनेमातून नाचगाणं काढल्यावर राहिल्या मिठ्या आणि मुके. ते एकामागून एक येऊ लागले. दीर पटका सावरत खाली बघत बसला. जिना दिसला, नायक पहिल्या पायरीशी आला, आणि पडद्यावर एकदम दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडली.

मावशी उठली. मला वाटलं, बाहेर निघाली. ती सरळ पुढे गेली आणि पडद्यापुढच्या कट्ट्यावर चढून उभी राहिली. नायक-नायिकेचा मुका तिच्या फिक्या लुगड्यावर पडला. थिएटरभर आरडाओरडा. दिवे लागले. मॅनेजर धावत आला, पोलीस बोलावीन म्हणाला.

"बलाव. त्यास्नीबी बघू दे," मावशी म्हणाली. "ह्यो नाच दावायला मी माणूस आणलाय. जिना दाव, मग उतरते."

पुढच्या पोरांना आता सिनेमापेक्षा यातच मजा वाटू लागली. 'जिना, जिना' असा त्यांनीच गजर धरला. शेवटी रीळ लागलं.

तो गडी जिना चढला, उतरला, पाठमोरा पुन्हा चढला. पत्र्यावर गारा पडाव्यात तसे नाल वाजत होते. शिट्ट्या थांबल्या. दीर पुढे वाकला. "तालमीतला हाय," तो पुटपुटला. "मांडी बघ गड्याची." मग माझ्यावरून मान काढून त्याने हळूच विचारलं, "दादाबी हेच बघायचा?"

"बूट वाजवत बसायचं ते," मावशी म्हणाली.

बाहेर आल्यावर मात्र तो जमिनीकडे बघत बोलला. "नाच चांगला हाय. पर लोकं नाच बघत न्हाईत, वैनी. तुमाला बघत्यात. बंद करा."

"मग त्यास्नीबी सांगा, पाय बघा म्हणून."

एसटीत चढताना तो तिच्या पाया पडला नाही. धान्य बंद झालं. भाकऱ्या लहान झाल्या, आमटी पातळ झाली, काही पोरांनी खाणावळ बदलली. रविवार बदलला नाही.

गेल्या उन्हाळ्यात मावशी वारली. शेवटी शेवटी पाय सुजले होते, तरी रिक्षाने जायची.

परवाच्या रविवारी मी एकटा गेलो. नाच आता सुरू होणार, तेवढ्यात पडद्यावर सकाळ उजाडली. चार माणसांत तोंड उघडायला मला अजून धीर होत नाही. तरी पुढे गेलो आणि कट्ट्यावर चढलो. शिव्या आल्या. कुणाची तरी मिठी माझ्या सदऱ्यावर हलत होती. मॅनेजरने खालून विचारलं, काय पाहिजे?

"नाच," मी म्हणालो.

माझे पाय थरथरत होते. बघणाऱ्यांनी तेच बघावेत म्हणून मी तिथेच उभा राहिलो.